अमृतछत्राचा शोध

माणसाला मृत्यूचे भय वाटते, ही गोष्ट माणसाइतकीच जुनी आहे. परंतु मृत्यूच्याही अगोदर येणारा एक लहानसा मृत्यू असतो आणि त्याचे भय पहिल्याहून कमी दारुण नाही. शरीर धडधाकट असते, अन्नपाणी चालू असते, आणि तरीही पोटच्या मुलाचे नाव ओठांवर येत नाही. ज्या आळीत सारा जन्म गेला, त्याच आळीत घराची वाट सापडत नाही. संध्याकाळची नित्याची प्रार्थना मध्येच तुटते आणि तिचा पुढचा चरण काही केल्या आठवत नाही. जरा आणि विस्मृती ह्या दोन बहिणी पुष्कळदा बरोबरीने घरात शिरतात, असा सर्व देशांतील लोकांचा अनुभव आहे. आणि त्या दोघींना दाराबाहेरच थोपवून धरील असे काहीतरी सृष्टीच्या उदरात दडलेले असले पाहिजे, अशी सर्व देशांतील लोकांची आशाही आहे. कोणी ते पाऱ्यागंधकात शोधले, कोणी वेलींच्या रसात, कोणी दूरच्या झऱ्यांच्या पाण्यात. चिनी लोकांनी ते शोधले कुजलेल्या ओंडक्यावर उगवणाऱ्या एका अळंबीत. त्या शोधाला आता बावीसशे वर्षांहून अधिक काळ लोटला आहे, आणि तो अजून संपलेला नाही.

इ. स. पूर्व २२१ मध्ये चिन शिह्वांग ह्या राजाने प्रतिस्पर्धी राज्ये जिंकून चीनचे पहिले साम्राज्य स्थापन केले. वजने, मापे, लिपी, इतकेच काय पण गाड्यांच्या चाकांमधील अंतरसुद्धा त्याने एकसारखे करविले. ज्याच्या आज्ञेने एवढे सारे झाले त्याला एकच गोष्ट आज्ञेत ठेवता येईना, ती म्हणजे स्वतःच्या आयुष्याची मर्यादा. पूर्व समुद्रात तीन दिव्य बेटे आहेत आणि तेथे अमर सिद्धपुरुष राहतात, असे समुद्रकाठचे मांत्रिक सांगत. इ. स. पूर्व २१९ मध्ये शू फू नावाच्या मांत्रिकाबरोबर हजारो कुमार-कुमारिका देऊन सम्राटाने त्याला त्या बेटांच्या शोधार्थ पाठविले. पुढे लू नावाच्या दुसऱ्या एका मांत्रिकाने सम्राटापुढे अशी कबुली दिली की, ‘झी’, दुर्मिळ औषधी आणि सिद्धपुरुष ह्यांचा शोध करूनही काही हाती लागत नाही; एखादी दुष्ट शक्ती आड येत असावी. हा ‘झी’ शब्द त्या दिव्य अळंबीचा. हे सांगून तो मांत्रिक लवकरच पळून गेला, आणि त्याच्या पलायनाने खवळलेल्या सम्राटाने राजधानीतील चारशेंहून अधिक विद्वानांना ठार मारविले, असे इतिहासकार सिमा चियन लिहितो. इ. स. पूर्व २१० मध्ये, वयाच्या अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षी, प्रवासात असतानाच त्या सम्राटाला मृत्यूने गाठले. अमरत्वाच्या नादाने त्याने पाऱ्याची औषधे घेतली व त्यांनीच त्याचा घात केला, अशी परंपरा आहे.

ह्या अनुभवाने पुढचे राजे शहाणे झाले असते तर ही कथा तेथेच संपली असती. परंतु हान वंशाचा प्रतापी सम्राट वू दी ह्याच्या मनाने तोच ध्यास घेतला. इ. स. पूर्व १०९ मध्ये त्याच्या कानचुआन येथील राजवाड्याच्या आतल्या दालनात नऊ देठांची एक झी उगवली. एखाद्या सामान्य गृहस्थाच्या घरात लाकडाला भूछत्र फुटले, तर तो घर ओलावले आहे असे समजून दुरुस्तीला लागेल. सम्राटाच्या घरातील भूछत्राचा अर्थ निराळा. स्वर्ग प्रसन्न झाला अशी ग्वाही फिरविण्यात आली, राज्यातील बंदिवानांना माफी मिळाली, आणि त्या अळंबीच्या स्तुतिपर एक गीत रचून ते राजाच्या यज्ञविधीत गाइले जाऊ लागले. परंतु ह्याच वू दीची उत्तरकालीन गोष्ट अधिक मोलाची आहे. इ. स. पूर्व ८९ मध्ये, मृत्यूपूर्वी दोन वर्षे, त्याने दरबारातील सिद्धींच्या व्यापाऱ्यांना घालवून दिले. जगात अमर कोणी नाही, ते सारे थोतांड होते. आहारात संयम ठेवावा, औषध घ्यावे, म्हणजे दुखणी थोडी कमी होतात एवढेच खरे, अशा आशयाचे उद्गार त्याने काढल्याचे अकराव्या शतकातील इतिहासकार सिमा ग्वांग ह्याने नमूद केले आहे. एका सम्राटाला हे कळावयास चाळीसांहून अधिक वर्षे लागली. तेच सत्य पुढच्या पिढ्यांना पुन्हा पुन्हा नव्याने शिकावे लागले.

ह्या अळंबीतच एवढे काय होते? ‘लिंगझी’ ह्या नावाने आज ओळखली जाणारी ही अळंबी ताडपत्राच्या पंख्यासारखी वा मूत्रपिंडाच्या आकाराची असते. तिच्या पाठीवर लाखेचे रोगण दिल्यासारखी तांबूस झळाळी असते. इतर अळंबी दोन दिवसांत नासून पाणी होतात. ही मात्र लाकडासारखी टणक बनते आणि वाळल्यावर वर्षानुवर्षे तशीच राहते. जे स्वतः कुजत नाही, ते खाणाऱ्यालाही कुजू देणार नाही, असा तर्क प्राचीन माणसाने बांधला असल्यास त्यात नवल नाही. शिवाय ती रानात क्वचितच सापडे, आणि दुर्मिळ वस्तूच्या अंगी गुण चिकटविण्याची मानवी मनाची खोड सर्वत्र सारखीच आहे.

दरबारातील ह्या श्रद्धेला वैद्यकाचे वस्त्र मिळाले ते ‘शन नुंग’ ह्या पौराणिक कृषिदेवाच्या नावावर असलेल्या औषधिसंग्रहात. हान काळाच्या सुमारास सिद्ध झालेल्या ह्या ग्रंथाची मूळ प्रत नष्ट झाली. पाचव्या-सहाव्या शतकांत ताव हुंगचिंग ह्याने केलेल्या संपादनातून व नंतरच्या अवतरणांतून तो पुन्हा जुळविला गेला. त्यात ३६५ औषधींचे तीन वर्ग केले आहेत. रोग बरा करणारी औषधे त्यात खालच्या वर्गात, आणि रोग नसताना आयुष्य वाढविणारी औषधे सर्वांत वरच्या वर्गात. ह्या वरच्या वर्गात रंगभेदाने सहा प्रकारच्या झी सांगितल्या आहेत. त्यांपैकी तांबड्या झीचे गुण सांगताना ग्रंथकाराने हृदयाचे बल, बुद्धीची वाढ आणि विस्मरणाचा नाश हे एकाच ओळीने सांगितले आहेत. चिनी वैद्यकात मनाचे आसन हृदयात मानले जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे ही सांगड उमगते. तात्पर्य, अळंबीने स्मृती टिकते ही समजूत आजच्या औषधविक्रेत्यांनी शोधून काढलेली नाही. ती सुमारे दोन हजार वर्षांची आहे. तिचे वय तिच्या खरेपणाचा पुरावा होत नाही, परंतु माणसाची ही व्यथा किती जुनी आहे ह्याचा पुरावा मात्र होतो.

चौथ्या शतकातील ग हुंग ह्या ताओपंथी पंडिताने झीचे पाच वर्ग आणि प्रत्येक वर्गात शंभरावर प्रकार सांगितले. ती शोधावयास पर्वतात केव्हा जावे, कोणता मंत्र धारण करावा, पावले कशी टाकावीत ह्याचे तपशीलवार विधी त्याने दिले आहेत. विधी जितका कठीण, तितकी अपयशाची सबब सोपी, हे ह्या प्रकारच्या सर्व विद्यांचे मर्म आहे. झी सापडली नाही तर दोष मुहूर्ताचा. सापडली आणि गुण आला नाही तर दोष खाणाऱ्याच्या अशुद्धीचा. अळंबीला दोष कधीच लागत नाही.

तो लावण्याचे धैर्य एका वैद्याने दाखविले. ली शिचन ह्याचा जन्म १५१८ मध्ये वैद्याच्या घरी झाला. जुन्या औषधिग्रंथांतील चुकांनी रोगी दगावतात हे पाहून त्याने सुमारे तीस वर्षे खपून १५७८ मध्ये एक महाग्रंथ पुरा केला. तो १५९६ मध्ये नानचिंग येथे प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याचा कर्ता तीन वर्षांपूर्वीच निवर्तला होता. ह्या ग्रंथात ली शिचनने झीला दिव्य वनौषधींच्या रांगेतून काढून भाजीपाल्याच्या विभागात बसविले. झी कुजक्या द्रव्याच्या शेषातून उगवते. माणसाच्या अंगावर आवाळू यावे तशी ती लाकडावर येते. तिला शुभचिन्ह मानणे व तिच्या सेवनाने अमरत्व येते असे म्हणणे हा भ्रम आहे, असे त्याने स्पष्ट लिहिले. त्याने आणखीही एक मर्मभेद केला. मांत्रिक लोक ओलसर जागी लाकडे रचून त्यांवर औषधे लावतात व पंचरंगी झी उगवून आणतात, आणि अशीच झी वांग चिन नावाच्या माणसाने जियाचिंग सम्राटाला अर्पण केली होती, असे तो सांगतो. हा सम्राट ली शिचनच्याच हयातीत, १५६७ मध्ये, निवर्तला होता. राजाच्या भ्रमाविषयी इतक्या जवळून असे लिहिणे ही साधी गोष्ट नव्हे. तथापि ली शिचनने झीचे औषधी गुण सर्वस्वी नाकारले नाहीत. जुन्या ग्रंथांतील गुण त्याने नोंदविले आणि अमरत्व तेवढे वगळले. चाळणी आणि चूल ह्यांतला भेद त्याला ठाऊक होता.

भारतात ह्या अळंबीचे नशीब निराळे होते. सुश्रुतसंहितेत पेंढा, ऊस, शेणी, बांबू आणि जमीन ह्यांवर उगवणाऱ्या पाच प्रकारच्या अळंबींचे गुणदोष शाकवर्गात दिले आहेत, यावरून जाणत्या वैद्यांचे तिच्याकडे लक्ष होते हे दिसते. परंतु मनुस्मृतीने लसूण-कांद्याबरोबर अळंबीही द्विजांना निषिद्ध ठरविली. बुद्धीसाठी जी मेध्य रसायने चरकाने सांगितली, ती मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी ही. त्यांत अळंबी नाही. मराठी मुलुखात मात्र शास्त्राचा निषेध स्वयंपाकघरापर्यंत सर्वत्र पोचला नाही. पहिल्या पावसानंतर वारुळांपाशी फुटणारी अळंबी कोकणात आणि गोव्यात आजही आवडीने आणली जाते. विदर्भात तिला सात्या म्हणतात. ती रुचीसाठी खाल्ली गेली, अमरत्वासाठी नव्हे. आणि कदाचित म्हणूनच तिच्यापायी येथे कोणा विद्वानाचा बळी गेला नाही.

युरोपीय शास्त्रज्ञांनी ह्या कुळाकडे पाहिले ते निरुपाधिक दृष्टीने. १७८१ मध्ये विल्यम कर्टिस ह्या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने चकाकत्या पाठीच्या एका अळंबीचे वर्णन केले; १८८१ मध्ये कार्स्टेन ह्या फिनलंडच्या शास्त्रज्ञाने तिच्यासाठी ‘गॅनोडर्मा’ ही प्रजाती स्थापिली. पुढे चीनमधील लिंगझीलाही हेच युरोपीय नाव चिकटले. ह्या दोन अळंबी वेगळ्या जातींच्या आहेत हे निश्चित होऊन चिनी जातीला ‘गॅनोडर्मा लिंगझी’ हे स्वतंत्र नाव मिळावयास २०१२ साल उजाडावे लागले. तोपर्यंत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपान व चीनमध्ये लाकडाच्या भुशावर तिची मोठी लागवड सुरू झाली होती. ज्या वस्तूसाठी हजारो मुलांना समुद्रात लोटले, ती पोत्यांत पिकू लागली. दुर्मिळतेचे तेज गेले. उरला तो प्रश्न एवढाच की, तिच्यात खरोखर गुण आहे काय?

ह्या प्रश्नाला मेंदूच्या दिशेने वळण मिळाले ते एका निराळ्याच देशात, एका निराळ्याच संकटात. रिता लेव्ही-मोंताल्चिनी ही १९०९ मध्ये इटलीतील तुरीन येथे जन्मलेली ज्यू स्त्री. मुसोलिनीच्या १९३८ च्या वंशभेदी कायद्यांनी तिला विद्यापीठाचे दार बंद झाले. तिने स्वतःच्या निजण्याच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली आणि कोंबडीच्या अंड्यांतील गर्भांवर मज्जातंतूंची वाढ अभ्यासिली. युद्धानंतर अमेरिकेतील सेंट लुई येथे तिने व स्टॅनली कोहेन ह्यांनी मज्जातंतूंची वाढ करविणारे एक द्रव्य शोधून काढले. ह्या शोधासाठी दोघांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे द्रव्य बाहेरून दिले तर रक्तातून मेंदूत सहज शिरत नाही. मग मेंदूलाच ते अधिक निर्माण करावयास लावील असे काही मिळेल काय, असा विचार पुढे आला.

जपानमधील शिझुओका विद्यापीठातील कावागिशी ह्या रसायनशास्त्रज्ञाने असे काही शोधले ते लिंगझीत नव्हे, दुसऱ्याच एका अळंबीत. झाडाच्या खोडावर पांढऱ्या झालरींच्या झुबक्यासारखी ही अळंबी लोंबते. चिनी लोक तिला माकडाचे डोके म्हणतात, इंग्रज सिंहाची आयाळ म्हणतात. जपानी लोकांनी तिला यामाबुशी ह्या पर्वतवासी तपस्व्यांचे नाव दिले आहे, कारण त्यांच्या वस्त्रावरील गोंड्यांशी तिचे साम्य आहे. कावागिशी व त्यांचे सहकारी ह्यांनी १९९१ मध्ये तिच्यातून ‘हेरिसेनोन’ आणि १९९४ मध्ये ‘एरिनासिन’ ह्या गटांतील द्रव्ये वेगळी केली. काचपात्रात वाढविलेल्या पेशींना ही द्रव्ये दिली असता त्या पेशी मज्जातंतुवर्धक द्रव्य अधिक निर्माण करीत.

काचपात्रातून माणसापर्यंतचा रस्ता लांबचा असतो. त्या रस्त्यावरचे एक ठळक पाऊल २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. सौम्य स्मृतिदोष असलेल्या ५० ते ८० वर्षांच्या ३० जपानी स्त्रीपुरुषांची दोन गटांत विभागणी करून एका गटाला ह्या अळंबीच्या चूर्णाच्या गोळ्या दिवसाला तीन ग्रॅम प्रमाणे १६ आठवडे दिल्या. दुसऱ्या गटाला दिसावयास तशाच पण निर्गुण गोळ्या दिल्या. कोणाला काय मिळाले हे रोग्यांना ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यांनाही नव्हते. स्मृतिपरीक्षेत पहिल्या गटाचे गुण अधिक सुधारले. परंतु गोळ्या थांबवून चार आठवडे होताच ते गुण पुन्हा घसरले. आशेला जागा आहे असे ह्यावरून म्हणता येते. परंतु तीस माणसे म्हणजे मानवजात नव्हे, आणि सोळा आठवडे म्हणजे वार्धक्य नव्हे. प्रत्यक्ष लिंगझीच्या बीजाणूंचे चूर्ण अल्झायमरच्या ४२ रुग्णांपैकी निम्म्यांना सहा आठवडे देऊन पाहिल्याचा चिनी प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निर्गुण औषधाच्या तुलनेने दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. शन नुंगच्या नावावरील ग्रंथाने दिलेले आश्वासन अशा रीतीने अद्याप सिद्ध व्हावयाचे आहे.

ह्याच सुमारास शोधाची दिशा औषधाच्या कुपीकडून पुन्हा ताटाकडे वळली. सिंगापूर येथील राष्ट्रीय विद्यापीठातील संशोधकांनी साठीपुढील ६६३ चिनी वृद्धांच्या आहाराची व स्मृतीची तपासणी करून २०१९ मध्ये असे प्रसिद्ध केले की, आठवड्यातून दोनांहून अधिक वेळा अळंबी खाणाऱ्यांत सौम्य स्मृतिदोषाची शक्यता जवळजवळ निम्मी दिसते. ही अळंबी दिव्य नव्हत्या. नेहमीच्या बाजारातल्या, शिजवून खाण्याच्या होत्या. अळंबीत ‘एर्गोथायोनीन’ नावाचे एक द्रव्य भरपूर असते. शार्ल तांरे ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते १९०९ मध्ये, म्हणजे लेव्ही-मोंताल्चिनीच्याच जन्मवर्षी, राईच्या कणसावरील बुरशीतून प्रथम काढले. मानवी शरीर ते स्वतः घडवू शकत नाही, परंतु ते अन्नातून उचलून घेणारा एक खास वाहक शरीरात असल्याचे २००५ मध्ये दिसून आले. ज्यासाठी शरीराने दार राखून ठेवले आहे त्याचे शरीराला काही प्रयोजन असावे, असा तर्क संशोधक करतात. तरीही सिंगापूरचे हे निरीक्षण कार्यकारणाचा निकाल देत नाही. जे अळंबी खातात ते भाज्याही अधिक खात असतील, अधिक चालतही असतील. त्यांच्यापैकी कोणत्या गोष्टीला श्रेय द्यावयाचे, हे केवळ निरीक्षणाने ठरत नाही.

शास्त्र असे पाऊल जपून टाकीत असता व्यापार मात्र धावत सुटला. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने आहारपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंना, त्यांची गुणकारिता आधी सिद्ध करून न दाखविता, बाजारात येण्याची मुभा मिळाली. चूर्णे, गोळ्या, कॉफीत घालावयाची पुडी, अशा नाना रूपांनी अळंबी जगभर विकली जाऊ लागली. अमेरिकेत विकत घेतलेल्या लिंगझीच्या १९ नमुन्यांची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली; त्यांपैकी अवघे ५ वेष्टनावर लिहिल्याबरहुकूम निघाले. वांग चिनने राजाला फसविले. आता प्रजाच राजा झाली असल्याने फसवणूकही प्रजेच्याच वाट्याला आली. भारतात १९५४ च्या औषधे व जादूचे उपचार ह्यांविषयीच्या कायद्याने मेंदूच्या विकारांसह अनेक रोग बरे करण्याच्या जाहिरातींना मनाई केली आहे. परंतु जाहिरात रोग बरा करण्याची भाषा सोडून ‘स्मरणशक्तीला साहाय्य’ अशी मवाळ भाषा बोलू लागली की कायद्याचे हात आखडतात, आणि विवेक करण्याची जबाबदारी विकत घेणाऱ्यावर येऊन पडते.

ही जबाबदारी हलकी नाही. ज्या घरात वडील माणसाची स्मृती क्षीण होऊ लागते, त्या घरातील माणसे कोणत्याही आश्वासनापाशी थांबतात. त्यांची आशा हास्यास्पद नव्हे; तिचा बाजार मांडणे मात्र निंद्य होय. गोळीवरच्या विश्वासाने वैद्याकडे जाणे लांबले, तर पैशाहून मोठी हानी होते, कारण विस्मरणाची काही कारणे, उदाहरणार्थ काही जीवनसत्त्वांची उणीव किंवा गलग्रंथीचा विकार, वेळीच ओळखली तर उपचाराने सुधारतात. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी अशी चूर्णे वैद्याला विचारल्यावाचून घेऊ नयेत, हेही सांगितले पाहिजे. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाशी निगडित अशी चौदा बदलता येण्याजोगी कारणे मांडली: रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, मंदावलेली श्रवणशक्ती आणि दृष्टी, व्यायामाचा अभाव, एकाकीपणा, शिक्षणाची उणीव, दूषित हवा इत्यादी. ही सर्व निवारता आली तर जगातील जवळजवळ ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल, असा आयोगाचा अंदाज आहे. ह्या यादीत कोणत्याही अमृतछत्राचे नाव नाही.

रिता लेव्ही-मोंताल्चिनी २०१२ मध्ये, वयाच्या १०३ व्या वर्षी, रोम येथे निवर्तली. उतारवयातही तिचे काम आणि तिची बुद्धी सतेज होती. तिच्या दीर्घायुष्याचे श्रेय कोणत्या एका वस्तूला द्यावे असा हिशेब कोणाला मांडता येणार नाही. चिन शिह्वांगपाशी साम्राज्य होते, जहाजे होती, मांत्रिक होते. तो पन्नाशी गाठू शकला नाही. ह्या दोन आयुष्यांमध्ये बावीस शतकांचे अंतर आहे, आणि तेवढ्या काळात अळंबीविषयी जे थोडे निश्चित कळले ते दिव्य बेटांवर सापडले नाही. ते अंड्यांतील गर्भांवर, काचपात्रांत आणि वृद्धांच्या ताटांत, एकेक तपासून सापडले. उद्या ह्या झालरीच्या अळंबीतून किंवा लाखी पाठीच्या लिंगझीतून स्मृतिभ्रंशावर खरे औषध निघेलही. निघाले तर त्याचे स्वागत प्रमाणानिशी होईल, राजाज्ञेने नव्हे. तोवर वृद्ध वू दीने आयुष्याच्या अखेरीस जे ओळखले तेवढे हातात आहे: आहारात संयम असावा, औषध योग्य असावे, म्हणजे दुखणी काहीशी कमी होतात. ताटातील अळंबी आनंदाने खावी. तिच्याकडून अमरत्व मागू नये.